सव्वा पाण्यावरचं लंडन

माझा नातू मोबाईलवर बोट फिरवतो आणि सांगतो, "आज्जी, मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. नऊ-साडेनऊ तास." मी म्हणते, असेल बाबा. पण लंडन आमच्या घरापासून सव्वा पाण्यावर आहे, हे मला माझ्या आयनं सांगितलंय, आणि तिनं ते स्वतः मोजून बघितलं होतं. नातू हसतो. हसू दे. त्याला खाडी ठाऊक आहे ती गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच.

आम्ही दिवाळ्याचे, बेलापूरच्या खाडीवरचे कोळी. मी सांगतेय ती पन्नास-साठ सालानंतरची गोष्ट. आता या सगळ्याला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा इथं नवं काही नव्हतं आणि मुंबई तर मुळीच नव्हती. मुंबई पाण्यापलीकडे होती आणि तिथं जायचं तर होडीत बसावं लागायचं. अंतर मैलात सांगणारा माणूस आमच्याकडे आला की समजायचं, हा सरकारी आहे. आम्ही अंतर पाण्यात मोजायचो. भरती चढली, मग सुकती लागली आणि खाडी पुन्हा तळाला गेली, की एक पाणी झालं. मुंबईचा भाऊचा धक्का अर्ध्या पाण्यावर. वारा पडला तर पाऊण पाणी. सरळ हिशेब.

आयचं माहेर समोरच्या तीरावर होतं. इतकं समोर, की तिच्या आईनं सकाळी चूल पेटवली की आमच्या पडवीतून धूर दिसायचा. धूर दिसला की आय म्हणायची, "उठली बया," आणि मग आपल्या कामाला लागायची. आता त्या बाजूला विमानतळ झालाय. तिथली गावं उठली, धूर तर कधीच गेला. असो.

तर या समोरच्या माहेराला आय एकदा पोचली नाही. मी तेव्हा मांडीवरची, मला काही आठवत नाही. पण माझी थोरली बहीण सात वर्षांची होती, तिनं सगळं पाह्यलं. सकाळी निरोप आला की म्हातारी आता घटकेची सोबतीण. बानं लगेच होडी काढली, आय मला घेऊन बसली, थोरली तिच्या पदराला धरून. पण सुकती लागलेली. समोरचा तीर हाकेच्या अंतरावर आला आणि होडी चिखलात बसली ती बसलीच. तिथून घर दिसत होतं. दारात जमलेल्या बायका दिसत होत्या. आय उठून उभी राहिली, लुगडं आवळलं आणि चिखलात उडी टाकणार, तेवढ्यात बानं तिचं मनगट धरलं. "चिखल गिलंल तुला. पानी येऊ दे." आय खाली बसली. पाणी यायला अजून अवकाश होता, आणि ती बसलेली असतानाच किनाऱ्यावरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला.

थोरली म्हणायची, आय रडली नाही, ती नुसती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. यावरून आय बाशी कधी भांडली नाही. एरवी मीठ कमी पडलं तरी भांडायची, घर डोक्यावर घ्यायची. पण याबद्दल चकार शब्द नाही. भांडली असती तर बाला बरं वाटलं असतं, असं मला फार उशिरा कळलं.

थोरली अभ्यासात हुशार. बेलापूरच्या शाळेतून पनवेलला, तिथून मुंबईच्या इस्पितळात नर्स व्हायला गेली. कोळ्याची पोर नर्स, तेव्हा गावाला त्याचंच केवढं कौतुक. आय टोपली घेऊन मासळी विकायला जायची तेव्हा गिऱ्हाइकाला बोंबलाआधी हेच सांगायची. आणि मग एक दिवस थोरली घरी आली आणि म्हणाली, लंडनच्या इस्पितळात जागा मिळालीय, पत्र आलंय, जाऊ का?

आय कोलंबी सोलत होती, ती सोलता सोलता म्हणाली, "किती लांब हाय?"

"साडेचार हजार मैल," थोरली म्हणाली.

"मैल मला नको सांगू. मी बोलावलं तर तू कवा पोचशील, ते सांग."

पुढं काही बोलायची गरजच नव्हती. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ती काय विचारतेय. तिला लंडन जवळ की लांब यात रसच नव्हता. बोलावल्यावर लेक शेवटचं तोंड बघायला येऊन पोचेल की नाही, एवढंच तिला हवं होतं. पोचणार असेल तर लंडन काय नि जवळचं बोनकोडं काय. पोचणार नसेल तर समोरचा तीरसुद्धा परदेश.

थोरलीला आय बरोबर कळलेली. तिनं विमान कंपनीच्या हपिसात जाऊन सगळं विचारून आणलं. दुसऱ्या खेपेला घरी आली ती चुलीसमोर बसून सांगू लागली. विमान मध्ये दोन ठिकाणी उतरतं, तेल भरतं, माणसं चढतात-उतरतात, सगळं धरून पंधरा तास. पण तास म्हणून आयला काय कळणार? तेव्हा थोरलीनंच चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर रेघा ओढल्या. ही भरती, ही सुकती, आणि वर ही अर्धी भरती चढेस्तोवर.

"म्हंजे सव्वा पानी," आय म्हणाली.

"सव्वा पानी."

"आनि मदी सुकती लागली तर?"

"आय, विमानाला सुकती नसते गो. वर कुठं चिखल हाय?"

आयनं रेघांकडे बराच वेळ बघितलं. "वर नसंल," ती म्हणाली. "उतरल्यावर असतो ना." पण एवढं बोलून तिनं त्या रेघा पुसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जमीन सारवताना त्यांच्या कडेकडेनं हात फिरवला. तेव्हा मला कळलं, की पोरगी चालली.

आता एक सांगायचं राहिलं. आमच्या घरी एक नेम होता. घरातलं माणूस वाटेला लागलं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. बा होडी घेऊन गेला की केरसुणी कोपऱ्यात उभी. माणूस वाटेत असताना घर झाडलं, तर आपण त्याची पावलं झाडून टाकतो, परतीची वाट पुसतो. इतर घरांतही पाळायचे, पण आयचं पाळणं म्हणजे कडक. पाहुणे आले, घरात खवलं उडतायत, तरी आय खुशाल म्हणायची, "बसा तसेच, आमचा मानूस अजून पान्यावर हाय."

थोरली निघाली ती थंडीच्या दिवसांत, सकाळच्या भरतीवर. बा तिला मुंबईला पोचवायला गेला. विमान मध्यरात्री सुटायचं होतं. तिनं जाताना सांगितलं होतं, "सकाळी साडेनऊला उतरेन." गावात त्यावर बरीच चर्चा झाली. रात्री बसायचं आणि सकाळी न्याहारीला लंडन, म्हणजे आमची बैलगाडी ठाण्याला जाते तेवढाच वेळ, असं एकानं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. आयलाही पटलं. विमानाला घाई असणार, सव्वा पाण्याऐवजी पाऊण पाण्यात नेत असेल.

दुसऱ्या दिवशी साडेनऊची एस.टी. बेलापूरच्या नाक्यावर आली, तिचा हॉर्न ऐकला आणि आयनं केरसुणी उचलली. दोन दिवसांचा केर. तिनं अगदी कोपरान् कोपरा झाडला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. मी शाळेत गेले ती छाती काढून. भूगोलाच्या मास्तरांना म्हटलं, "आमची बाय लंडनला उतरली." मास्तर म्हणाले, "आत्ता? आत्ता तिथं पहाटसुद्धा नीट झाली नसेल." आणि मग त्यांनी समजावलं. सूर्य आपल्याकडे आधी येतो, त्यांच्याकडे नंतर. त्यांचं साडेनऊ म्हणजे आपली दुपार, तीन वाजतील.

मधली सुट्टी होताच मी धावत घरी. आय पडवीत जाळं तुणत बसलेली, एकदम निवांत. म्हटलं, "आय, ती अजून वर हाय. विमान पोचलं नाय." आणि मास्तरांचं सूर्याचं सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण मग ती उठली. सूप घेतलं, थेट उकिरड्यावर गेली आणि सकाळी टाकलेला केर हातानं सुपात भरायला लागली.

सगळा केर तिनं घरात परत आणला. खवलं, कोंबडीची पिसं, चुलीची राख, कोलंबीची टरफलं. आणून घरभर पसरला, जिथला तिथं, म्हणजे राख चुलीपाशी आणि पिसं दाराशी. उकिरडा सगळ्या आळीचा, तेव्हा त्यात शेजारणीचाही केर नक्की आला असणार. मी म्हटलंसुद्धा, "आय, हे कांद्याचं साल आपलं नाय." तर म्हणाली, "असू दे. कमी पडायला नको."

मला हसू येत होतं, पण हसायची टाप नव्हती. ती दारात पाणी बघत बसली. मध्यरात्री खाडी तळाला होती, तेव्हा पोरगी निघाली. सकाळी भरती भरली. दुपारी सुकली. आता पुन्हा चढत होती. गावच्या धक्क्याच्या एका दगडावर अर्ध्या भरतीची खूण होती, त्या दगडाला पाणी लागेपर्यंत आय जागची हलली नाही. पाणी लागलं, तशी उठली आणि सगळं घर पुन्हा झाडलं. त्याच भरतीवर बा परत आला. त्याला दारात केर काढणारी बायको दिसली.

"आत्ता झाडतेस?" बा म्हणाला.

"आत्ता उतरली ती," आय म्हणाली.

चार दिवसांनी तार आली, सुखरूप पोचले म्हणून. आयला त्याचं विशेष काही नव्हतं. तिला ते आधीच कळलेलं. पण त्या दिवसापासून घड्याळावरचा तिचा विश्वास उडाला तो कायमचा. म्हणायची, "घड्याल गावोगावचं येगलं. पानी कुठंबी तेवढाच येळ घेतं." मला आजही तिच्या या बोलण्याचं कौतुक वाटतं. साडेचार हजार मैलांचं तिला भय वाटलं असणारच. पण तिनं ते अंतर उचललं, आपल्या मापात बसवलं आणि मग त्याच्याशी संसार केला. वर्षानुवर्षं. मी तरी असं काही केलेलं मला आठवत नाही. मला अजून नातवाचं पुण्याला जाणं लांब वाटतं.

थोरलीची पत्रं यायची, मी वाचून दाखवायची. एकदा तिनं लिहिलं, इथं गावातून एक नदी जाते, तिलाही भरती-सुकती आहे, सुकतीला काठाशी चिखल उघडा पडतो आणि वासही थोडा आपल्यासारखाच. मी पुढं वाचायला लागले, तर आय म्हणाली, "थांब, ते चिखलाचं परत वाच." मी परत वाचलं. तिला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवसापासून लंडनबद्दल बोलताना तिचा सूरच बदलला. लेकीच्या सासरचं गाव चांगलं निघालं की बाई बोलते तसा.

आणि मग बा आजारी पडला.

छातीचा आजार. खोकता खोकता हाडांचा सापळा झाला. पनवेलचे डॉक्टर येऊन गेले, जाताना दाराबाहेर मला म्हणाले, मुलीला बोलवायचं असेल तर आता बोलवा. आय मागेच उभी होती, तिनं ऐकलं. म्हणाली, "कर तार."

मी तार केली. उलट तार आली, निघतेय, अमुक वारी दुपारी मुंबईत उतरेन. तार ऐकल्याबरोबर आयनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली. बाला सांगितलं, "बाय वाटेला लागली." बाला बोलायला फार त्रास व्हायचा, त्यानं नुसती बोटं हलवली. तो मोजत होता. एक पाणी, आणि वर पाव.

थोरलीच्या येण्याच्या दिवशी बाचा श्वास सकाळपासून वर लागलेला. आळीतली माणसं येऊन बघून गेली. म्हातारे बाहेर बसून हळू आवाजात बोलत होते. मी त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होते आणि मनात म्हणत होते, थांब रे बा, एवढा आजचा दिवस थांब. आय मात्र पडवीत उभी राहून खाडीकडे बघत होती. दुपार कलल्यावर आत आली आणि मला म्हणाली, "आज तिथी कंची?"

"पुनव."

"मंग झालं," ती म्हणाली.

पुनवेला दुपारी बाराला उधाण येतं, आणि भरती जेवढी मोठी तेवढीच सुकती खोल. दिवस बुडायच्या सुमाराला खाडीचा तळ उघडा पडतो, धक्क्यापासून पार लांबवर नुसता चिखल. कोळ्याच्या पोराला हे बोलायला यायच्या आधी कळतं. पण थोरली चार वर्षं लंडनला होती. ती विमानाच्या वेळा बघून निघाली होती.

"एस.टी.नं येईल की," मी म्हटलं. "सांताक्रूझला उतरली की ठाण्यावरनं गाडी."

आयनं माझ्याकडे नुसतं बघितलं. थोरली एस.टी.नं येणं शक्य नव्हतं. घरी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावर जायचं, हे तिच्या पायांनाच ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. शहाणी माणसं रस्त्यानं आली असती. आमच्यातलं कुणीच आलं नसतं.

आणि तसंच झालं. पुढं थोरलीनं सांगितलं, धक्क्यावर आमच्याच गावची होडी मासळी उतरवून परत निघालेली. तोवर होड्यांना इंजिनं आलेली. होडीवाला तिला म्हणाला, "बाय, आज पुनव हाय, मदीच बसू आपन. रातच्या भरतीला निघू." तेव्हा कुठं तिला तिथी आठवली. म्हणाली, "तिकडल्या नदीची भरती मला रोज ठाऊक असायची, आपलीच विसरले." पण थांबायला ती तयार होईना. जाईल तिथवर ने म्हणाली. साडेपाचच्या सुमाराला होडी आली, आणि गावासमोर, हाकेच्या जरा पलीकडे, चिखलात बसली.

मी बाच्या उशाशी होते. दार सताड उघडं, समोर खाडी. होडी दिसली. तीत एक निळा कोट उभा होता. म्हातारे म्हणाले, झालं, आता भरतीशिवाय उपाय नाही. कुणीतरी हळूच म्हणालं की बा भरतीपर्यंत टिकत नाही. मलाही तसंच वाटलं.

आयनं लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला. पडवीत होडीच्या दोन जुन्या फळ्या टेकवलेल्या होत्या, त्या काढल्या. बाहेर बसलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "वैनी, येडी झालीस काय?" ती म्हणाली, "सरका." तेवढंच.

आमच्या बायका सुकतीला चिखलात उतरतात, चिंबोऱ्या काढायला, निवट्यांसारखी मासळी धरायला. कुठला चिखल पेलतो आणि कुठला गिळतो, हे त्यांच्या तळव्यांना कळतं. पण त्या कडेकडेनं फिरतात. एवढ्या आत पुनवेच्या सुकतीला कुणी जात नाही. आय गेली. एक फळी टाकायची, तिच्यावर पाय द्यायचा, दुसरी पुढं टाकायची, मागची ओढून घ्यायची. पन्नाशीची बाई. मी बाच्या उशाशी बसूनच उघड्या दारातून बघत होते. एका ठिकाणी ती कमरेपर्यंत आत गेली. फळीवर छाती टेकवून ती वर आली आणि पुन्हा पुढची फळी टाकली. मी बाला सांगत होते, "आय निम्म्यात गेली. आय होडीला लागली. बाय उतरली, बा, बाय उतरली." बाचे डोळे मिटलेले, पण त्याचा हात माझ्या हातात होता, आणि मी काही सांगितलं की बोटं आवळायची.

त्या दोघी परत आल्या तेव्हा चंद्र वर आलेला. थोरलीचा निळा कोट चिखलानं काळा झालेला, पायात काही नाही. आयच्या गळ्यात थोरलीचे बूट नाडीनं बांधून लटकवलेले. घरात चिखलाची पावलं उमटली, आधीच न झाडलेल्या घरात. थोरली तशीच बाजवळ बसली. नर्स ना, आधी नाडी बघितली. मग तिचा हात नाडीवरच राहिला आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

बानं डोळे उघडले. एकेक शब्द करत म्हणाला, "भरती... नव्हती ना गो?"

"नव्हती बा."

"मंग आलीस कशी?"

"आयनं आनली."

बानं मान वळवून आयला शोधलं. ती दाराशी उभी होती, अंगावरचा चिखल वाळत होता. तो तिच्या मनगटाकडे बघत होता, हे मी अगदी शपथेवर सांगेन. म्हणाला, "तवा मी तुला... उतरू दिलं नाय."

इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदाच कुणी ते बोललं. मी आयकडे बघायलाही भीत होते. आय येऊन त्याच्या पायाशी बसली, चिखलाच्या हातानंच त्याचे पाय धरले आणि म्हणाली, "बरोबर केलंत तुमी. तिथला चिखल गिलायचा. इथला पेलतो."

ती खरं बोलली की त्याला जायला सोपं जावं म्हणून बोलली, हे मी तिला नंतर कधी विचारलं नाही. मला वाटतं, कमरेपर्यंत गेलेल्या बाईला दोन्हीकडचा चिखल सारखाच ठाऊक असतो. पण बाचा चेहरा सैल झाला, एवढं मी पाह्यलं. थोरलीच्या हातून तो दोन घोट पाणी प्यायला. पहाटे, सुकतीबरोबर, गेला.

सकाळी त्याला नेलं. माणसं स्मशानाकडे निघाली, आणि रीत असते तशी एक शेजारीण आत आली. प्रेत घराबाहेर गेलं की घर झाडायचं असतं. घरात तर बोलून सोय नव्हती, तारेच्या दिवसापासूनचा केर, खवलं, त्यात वाळलेला चिखल, दोघींच्या पावलांचा. शेजारणीनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

आयनं तिचा हात धरला.

"थांब गो," ती म्हणाली. "आत्ताच निघालंय मानूस."

शेजारीण बावरली. आय थोरलीकडे वळली. थोरली भिंतीला टेकून बसली होती. आयनं तिला विचारलं, अगदी साधेपणानं, तेव्हा कोलंबी सोलताना विचारलं होतं तसंच, "तिथं पोचायला किती पानी लागतील?"

आयनं शेजारणीच्या हातातली केरसुणी घेतली, कोपऱ्यात उभी केली आणि पडवीत जाऊन पाण्याकडे तोंड करून बसली.